भेटीचे डॉलर आणि परताव्याचा हक्क

प्रवासी जहाजावरची सहल ही आता केवळ परदेशस्थ श्रीमंतांची चैन राहिलेली नाही. सप्टेंबर २०२१ पासून मुंबईहून गोवा व लक्षद्वीपकडे कॉर्डेलिया कंपनीच्या जहाजाच्या फेऱ्या सुरू झाल्या. मुंबई बंदरातील आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्‌घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झाले. सिंगापूर किंवा मायामीहून सुटणाऱ्या परदेशी कंपन्यांच्या अवाढव्य जहाजांवरही मराठी कुटुंबे दिसू लागली आहेत. या परदेशी सहलींच्या जाहिरातींत ‘ऑनबोर्ड क्रेडिट’ हा शब्दप्रयोग वारंवार आढळतो. आमचे तिकीट घ्या आणि जहाजावर खर्च करण्यासाठी शंभर डॉलर आमच्याकडून भेट म्हणून घ्या, असा त्याचा आशय. वाचणाऱ्यास साहजिकच ही शंभर डॉलरची सूट वाटते. ती तशी आहे काय, आणि सहल रद्द झाल्यावर परताव्याच्या ऐवजी हेच ‘क्रेडिट’ हातावर ठेवले जाते तेव्हा प्रवाशाने ते स्वीकारावे काय, हे दोन प्रश्न वेगवेगळे असले तरी एकमेकांत गुंतलेले आहेत. त्यांपैकी दुसरा अधिक महत्त्वाचा आहे.

व्यवहाराची रीत

प्रथम ही व्यवस्था समजून घेतली पाहिजे. मोठ्या प्रवासी जहाजावर रोख पैसे जवळजवळ चालतच नाहीत. जहाजावर पाऊल ठेवताना प्रवाशाला एक कार्ड मिळते, काही ठिकाणी मनगटी पट्टा किंवा गळ्यात घालण्याचे पदक मिळते. मद्य, कॉफी, विशेष उपाहारगृहातील जेवण, छायाचित्रे, मालिश, इंटरनेट, बंदरावरील सहली अशा प्रत्येक खरेदीची नोंद या कार्डाद्वारे प्रवाशाच्या खात्यात नावे पडते आणि अखेरीस ती रक्कम त्याच्या बँकेच्या क्रेडिट कार्डावरून वसूल होते. ‘ऑनबोर्ड क्रेडिट’ म्हणजे या खात्याच्या जमेच्या बाजूस आगाऊ केलेली नोंद. ती बहुधा माणशी नसून खोलीमागे असते.

ही नोंद तीन ठिकाणांहून येते. कधी कंपनी स्वतः ती देते. कधी तिकीट विकणारा एजंट आपल्या कमिशनातील वाटा या रूपाने ग्राहकाला देतो. कारण जाहीर दरापेक्षा कमी दराने तिकीट विकण्यास अनेक कंपन्या एजंटास मनाई करतात. तिसरा मार्ग भागधारकांचा. कार्निव्हल व रॉयल कॅरिबियन या कंपन्यांनी किमान शंभर भाग बाळगणाऱ्यांना सहलीच्या लांबीनुसार ५० डॉलरपासून २५० डॉलरपर्यंत क्रेडिट देण्याची प्रथा पाडली.

खरा भेद मात्र उगमाचा नसून शर्तींचा आहे. काही क्रेडिट परत मिळणारे असते, म्हणजे सहलीअखेर उरलेली शिल्लक प्रवाशाच्या कार्डावर किंवा रोख परत होते. भेट म्हणून मिळणारे क्रेडिट बहुधा परत न मिळणारे असते. ते सहलीच्या शेवटच्या रात्रीपर्यंत वापरले नाही तर नष्ट होते, दुसऱ्याच्या नावे करता येत नाही, पुढच्या सहलीला नेता येत नाही आणि बहुतेक कंपन्यांच्या जुगारगृहात चालतही नाही. शेवटच्या संध्याकाळी जहाजावरील दुकानांत गर्दी का उसळते, याचे एक उत्तर येथे आहे.

शंभराचे गणित

एक साधा हिशेब मांडू. पेल्याची किंमत १२ डॉलर धरली तर त्यावर १८ टक्के सेवाशुल्क चढून तो १४ डॉलर १६ सेंटला पडतो. सात पेल्यांचे ९९ डॉलर १२ सेंट होतात. उरलेले ८८ सेंट सोडून द्यायचे, की आठवा पेला घेऊन खिशातून तेरा डॉलरांहून अधिक घालायचे, असा पेच प्रवाशापुढे उभा राहतो. बहुसंख्य माणसे कोणत्या बाजूला झुकतात हे सांगावयास नको. दुसरे उदाहरण बक्षिसीचे. अमेरिकी जहाजांवर कर्मचाऱ्यांसाठीची बक्षिसी माणशी दररोज साधारण १६ ते २० डॉलर या दराने खात्यात आपोआप नावे पडते. पतिपत्नी सात दिवस प्रवास करीत असतील तर १६ डॉलरच्या दरानेही २२४ डॉलर होतात. ज्या कंपन्या क्रेडिटमधून बक्षिसी वळती करून घेतात, तेथे शंभराची भेट तेवढ्यातच संपून १२४ डॉलरचे देणे शिल्लक राहते.

आता कंपनीची बाजू पाहू. ज्या वस्तू देऊन ती हे शंभर डॉलर फेडते, त्यांवर तिचा प्रत्यक्ष खर्च शंभरापेक्षा पुष्कळ कमी असतो. समुद्राच्या मध्यावर दुसरे दुकान नसल्याने किंमत ठरविणारी तीच. शिवाय काही क्रेडिट न वापरताच विरून जाते, आणि वापरले जाते तेव्हा सोबत प्रवाशाचे स्वतःचे पैसेही ओढून आणते. आवळा देऊन कोहळा काढणे या आपल्या म्हणीला इतके चपखल उदाहरण क्वचितच सापडेल.

हा व्यापार किरकोळ नाही. कार्निव्हल कॉर्पोरेशनच्या २०२४ च्या सुमारे २५ अब्ज डॉलर उत्पन्नापैकी तिकिटांचे सुमारे साडेसोळा अब्ज होते, तर ‘जहाजावरील व इतर’ या सदराखालचे साडेआठ अब्जांहून थोडे अधिक. दर तीन डॉलरमागे एक डॉलर प्रवासी जहाजाशी निगडित झाल्यानंतरच्या खरेदीतून येतो, असा याचा अर्थ. वॉल्टर ओय या अर्थशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये डिस्नेलँडच्या उदाहरणावरून मांडलेला प्रश्न हाच होता: प्रवेशशुल्क अधिक घ्यावे की आतील प्रत्येक खेळाचे वेगळे? जहाज कंपन्यांनी याचे उत्तर व्यवहारात दिले आहे. दार स्वस्त ठेवायचे आणि आतली खरेदी महाग. क्रेडिट हे त्या खरेदीची सवय लावणारे साधन ठरते.

मग तेवढीच रक्कम तिकिटातून का वजा करीत नाहीत? एक तर जाहीर दर खाली आणला की तो सर्वांसाठी खाली येतो आणि आधी तिकीट घेतलेला ग्राहक तक्रार घेऊन येतो. दुसरे कारण मनुष्यस्वभावातले आहे. रिचर्ड थेलर यांनी १९८५ मध्ये मांडलेल्या मानसिक जमाखर्चाच्या सिद्धांतानुसार माणूस आपले पैसे मनातल्या वेगवेगळ्या खणांत ठेवतो. तिकिटात वाचलेले शंभर डॉलर घरखर्चाच्या खणात जातात; भेट मिळालेले शंभर डॉलर चैनीच्या खणात पडतात आणि तेथेच खर्च होतात. जोएल वॉल्डफोगेल यांनी १९९३ मध्ये नाताळच्या भेटवस्तूंचा अभ्यास करून असे दाखविले की, वस्तू घेणाऱ्याच्या लेखी तिचे मोल प्रत्यक्ष किमतीहून एक दशांश ते एक तृतीयांश कमी भरते. जहाजावरील शंभर डॉलर प्रवाशाच्या लेखी रोख शंभरांच्या बरोबरीचे नसतात, ते याच कारणाने.

तरीही न्यायाने हे मान्य केले पाहिजे की यात फसवणूक असतेच असे नाही. मद्य न पिणारा, विशेष जेवण न घेणारा काटकसरी प्रवासी स्वस्त तिकिटाचा पुरता लाभ उठवितो आणि त्याच्या वाट्याचा खर्च शेजारचा उधळ्या प्रवासी भरतो. भेट ही भेट आहे. ती कोणत्या अटींवर द्यावी हे देणाऱ्याने ठरवावे. अटी ठळक अक्षरांत सांगितल्या म्हणजे पुरे.

भेटीचे चलन परताव्याला

खरा आक्षेप पुढच्या पायरीवर आहे. प्रवाशाने रोख भरलेले पैसे परत करण्याची वेळ आली, की हेच दुकानापुरते चलन पुढे केले जाते. मार्च २०२० मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने प्रवासी जहाजांना बंदी केली आणि तेथील बंदरांतून मोठ्या जहाजांच्या सहली पुन्हा सुरू होण्यास जून २०२१ उजाडला. रद्द झालेल्या सहलींचे पैसे रोख परत देण्याचा पर्याय कंपन्यांनी ठेवला होता. पण भावी सहलीसाठी क्रेडिट घेणाऱ्यास जादा आमिष दाखविले. कार्निव्हलने भरलेल्या रकमेइतके भावी क्रेडिट आणि त्यावर खोलीमागे ३०० किंवा ६०० डॉलर जहाजावरील खर्चासाठी देऊ केले. रोख मागणाऱ्यांना कित्येक आठवडे, काहींना महिने, वाट पाहावी लागली.

त्याच कंपनीने एप्रिल २०२० मध्ये रोखेबाजारातून चार अब्ज डॉलर उभारले. त्यासाठी तारण दिले आणि साडेअकरा टक्के व्याज मान्य केले. वस्तुतः सहल रद्द झालेला प्रवासी आणि रोखेधारक या दोघांचेही कंपनीकडे येणे होते. एकाला तारण, व्याज आणि परतफेडीची तारीख मिळाली. दुसऱ्याला पुन्हा जहाजावर येऊन पेय पिण्याचा अधिकार मिळाला. बाजारात कंपनीच्या पतीची जी किंमत व्यावसायिक धनकोने वसूल केली, ती सामान्य ग्राहकाला मागता आली नाही, कारण आपण धनको झालो आहोत हेच त्याला कोणी सांगितले नव्हते.

देणे कशात फेडायचे, हा प्रश्न नवा नाही. इंग्लंडमधील गिरणी व खाणमालक मजुरी आपल्याच दुकानात चालणाऱ्या बिल्ल्यांत व मालात देत. १८३१ च्या ट्रक कायद्याने ती प्रथा बंद करण्याचा यत्न केला. आपल्याकडे १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने मजुरी चालू चलनातच दिली पाहिजे असे ठरविले आणि २०१९ च्या वेतन संहितेनेही तेच तत्त्व पुढे चालविले. सहलीचा प्रवासी मजुरासारखा अगतिक नसतो, हे खरे. पण देणेकऱ्याने आपल्याच दुकानाचे चलन देऊन मोकळे होऊ नये, हे तत्त्व दोघांनाही सारखेच लागू पडते.

संकटकाळी रोख परतावा दिला तर कंपनीच बुडेल, हा युक्तिवाद सर्वस्वी पोकळ म्हणता येणार नाही. मात्र त्यावरचा तोडगा आपल्याच देशात निघाला आहे. विमान कंपन्यांनी टाळेबंदीत रद्द झालेल्या तिकिटांच्या बदल्यात ‘क्रेडिट शेल’ देण्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा १ ऑक्टोबर २०२० च्या निकालाने आर्थिक अडचणीतील कंपन्यांना तशी मुभा दिली; परंतु ते क्रेडिट दुसऱ्याच्या नावे करता यावे, त्यात ३० जून २०२० पर्यंत दरमहा अर्धा टक्का व नंतर पाऊण टक्का भर पडावी, आणि ३१ मार्च २०२१ पर्यंत न वापरलेली रक्कम रोख परत मिळावी, अशा अटी घातल्या. हस्तांतर, व्याज आणि मुदतीअखेर रोख, या तीन गुणांनी ते क्रेडिट पैशाच्या बरेच जवळ आले. अमेरिकेच्या संघीय सागरी आयोगाने २०२२ मध्ये सहल रद्द झाल्यास किंवा तीन अथवा अधिक दिवस लांबल्यास पूर्ण परताव्याचा हक्क नियमात आणला, हेही येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

आपल्याकडील पोकळी

भारतात या बाबतीत एक पोकळी आहे. अनेक दुकानांत चालणाऱ्या प्रीपेड वॉलेटवर रिझर्व्ह बँकेचे नियंत्रण असते. एकाच विक्रेत्याच्या दुकानापुरत्या चालणाऱ्या साधनाला मात्र तिची मान्यता लागत नाही. मॉलमधील खाद्यदालनाच्या कार्डात अडकलेले साठ-सत्तर रुपये सोडून येणाऱ्यांना याचा अनुभव असेल. रक्कम लहान असते तोवर हे खपून जाते. सहलीसाठी लाखभर रुपये आगाऊ भरणाऱ्या कुटुंबाच्या बाबतीत ते खपवून घेण्याचे कारण नाही.

या प्रश्नाला कामगारांचीही एक बाजू आहे. गोवा व कोकणातील अनेक तरुण या जहाजांवर खोल्या आवरतात, टेबलावर वाढतात; बक्षिसी हा त्यांच्या मिळकतीचा मोठा भाग असतो. काही कंपन्यांत स्वागतकक्षाला सांगून ही आपोआप पडणारी बक्षिसी रद्द करून घेता येते. परताव्याऐवजी क्रेडिट मिळालेला नाराज प्रवासी आपला राग तेथे काढतो, किंवा बक्षिसीत जाणारे क्रेडिट दुकानासाठी मोकळे करतो, तेव्हा कंपनीच्या धोरणाची किंमत ज्याचा त्यात काहीही हात नाही असा कर्मचारी भरतो.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये ग्राहकाला चकविणाऱ्या ऑनलाइन विक्रीपद्धतींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे जारी केली आहेत. त्यांच्या जोडीला जहाज सहलींसाठी तीन साधे नियम करता येतील. जाहिरातीत क्रेडिटची रक्कम छापताना ती परत मिळणारी आहे की नाही आणि कधी संपते, हे त्याच आकाराच्या अक्षरांत छापावे. ग्राहकाने रोख भरलेले पैसे, मग ते रद्द सहलीचे असोत की वगळलेल्या बंदराच्या कराचे, रोखच परत व्हावेत. क्रेडिट द्यायचे तर त्याने लेखी मागितले तरच द्यावे. आणि असे क्रेडिट हस्तांतरणीय, व्याजी व मुदतीअखेर रोख होणारे असावे. परदेशी कंपन्यांची तिकिटे येथे विकणाऱ्या एजंटांवरही हे बंधन असावे, कारण तक्रार घेऊन जाण्यास प्रवाशाला जवळचे दार तेच असते.

तोवर प्रवाशाने स्वतःपुरते एवढे जपावे: भेट मिळालेले क्रेडिट आधी ज्या खर्चाला वाव नाही अशा बाबींकडे, म्हणजे जेथे चालते तेथे बक्षिसीकडे, वळवावे, तिकिटांची तुलना करताना ते शंभर टक्के धरू नये, आणि परताव्याच्या अर्जावर रोख रकमेचा रकाना असेल तर, समोरचे आमिष कितीही मोठे दिसले तरी, प्रथम त्याचा विचार करावा. आपल्या किनाऱ्यावर हा व्यवसाय अद्याप बाल्यावस्थेत आहे. परताव्याची रीत आताच घालून देणे सरकारला सोपे जाईल. लाखो प्रवाशांचे पैसे अडकल्यावर ते तितके सोपे राहणार नाही.