पडद्यावरील राज्याचा जमाखर्च

आमच्या वरच्या वर्गांतील मुलांना हल्लीं ‘व्हिक्टोरिया थ्री’ या संगणकावरील खेळाचें मोठें वेड लागलें आहे. कित्येक पालक आमच्याकडे येऊन, “सर, पोरगा रात्रीं राज्य करितो आणि सकाळीं गणितांत नापास होतो,” अशी तक्रार करितात. तक्रार खोटी नाहीं. परंतु ज्या गोष्टीचा निषेध करावयाचा ती आधीं डोळ्यांनीं पाहावी, या विचारानें आम्ही एका शनिवारीं नववींतील एका विद्यार्थ्याशेजारीं बसून तो खेळ पाहिला. आणि आमचा निषेधाचा विचार बराचसा ढिला झाला. पुरता गेला नाहीं. कां, तें पुढें सांगतों.

हा खेळ स्वीडनमधील पॅरॅडॉक्स कंपनीनें २०२२ सालीं प्रसिद्ध केला. त्याचा काल १८३६ पासून १९३६ पर्यंत, म्हणजे शंभर वर्षांचा. खेळणारानें एक देश घ्यावा व त्याचा संसार चालवावा. राज्याचें उत्पन्न म्हणजे कोठें पुरून ठेविलेला मोहरांचा हंडा नव्हे, हें पहिल्या अर्ध्या तासांतच कळतें. इमारती बांधण्यास लांकूड व कापड लागतें, पुढें लोखंड व हत्यारें लागतात. हत्यारांस पुन्हां लांकूड व लोखंड. खाणींत पाणी उपसण्याचें यंत्र बसवावें तर कोळसा पाहिजे. एक कडी अपुरी राहिली कीं त्या मालाचा भाव चढतो. तो मूळ किंमतीच्या पाऊणपटीनें वाढूं शकतो, आणि माल फार झाला तर तितकाच उतरतो. भाव चढला म्हणजे ज्या कारखान्यास तो माल लागतो त्याचा नफा आटतो व मजुरांची रोजी बुडते. हीच सांखळी फळ्यावर शिकवितांना आमचा घसा बसतो. त्या मुलानें ती दहा मिनिटांत बोट ठेवून दाखविली.

पोटापुरतें पिकविणारा शेतकरी सरकारास थोडेंच देतो. तोच कारखान्यांत लागला म्हणजे त्याचें वेतन वाढतें, तो बाजारांत चार वस्तु घेतो, व खजिन्यांत भर पडते. म्हणून चतुर खेळाडू कर वाढविण्यापेक्षां कामें वाढवितो. आमचा विद्यार्थी मात्र उतावळा. त्यानें ईस्ट इंडिया कंपनीचें राज्य घेतलें होतें व तीन वर्षांत मुंबईस कापडगिरणी उभी केली होती. (प्रत्यक्षांत कावसजी दावर यांनीं ती १८५४ त काढली आणि तिचें काम १८५६ त सुरू झालें, पण तें असो.) पैसा अपुरा पडतांच त्यानें कराच्या पांच पायऱ्यांपैकीं सर्वांत वरची दाबली. लोकांचें राहणीमान घसरलें, असंतुष्टांचा आंकडा चढला. धान्य मात्र पूर्वीइतकेंच पिकत राहिलें.

येथेंच आमचा या खेळाशीं वाद आहे. खेळांतील शेतकरी कितीहि कर बसला तरी नांगर खालीं ठेवीत नाहीं. खऱ्या शेतकऱ्यानें तो ठेविला होता, आणि तोहि याच महाराष्ट्रांत, पुणें जिल्ह्यांतील इंदापूर तालुक्यांत. खेळाचें पहिलें वर्ष उजाडतें तेव्हां कंपनी व्यापारी राहिली नव्हती. १८३३ च्या कायद्यानें तिचा व्यापार बंद होऊन ती केवळ राज्यकर्ती उरली होती, व तिच्या उत्पन्नाचा मोठा भाग शेतसाऱ्याचा होता. त्यापूर्वीं प्रिंगल नांवाच्या अधिकाऱ्यानें शेताचा निव्वळ नफा किती असावा याचें बारीक गणित मांडून त्यावर सारा बसविला होता. गणित पुस्तकी होतें, मोजणींत चुका होत्या, आकार भारी पडला. सारा थकला, सूट द्यावी लागली, आणि कित्येक कुणबी जमीन पड टाकून निघून गेले. अखेर १८३५-३६ त गोल्डस्मिड व विंगेट यांनीं इंदापुरास नवें काम आरंभिलें, आकार उतरविला आणि तो तीस वर्षांसाठीं कायम केला. पड जमीन पुन्हां लागवडीस आली. पुढें फेरआकारणींत सारा वाढला. १८७५ त सुपें येथें सावकारांचे कागद जाळण्यांत आले, त्यामागील कारणांत हेंहि एक होतें.

हें ऐकून मुलगा म्हणाला, “मग सर, खेळांत पड जमिनीचा आंकडा कां नाहीं?” आम्हांस वाटतें, खेळ रचणारांनीं लोकांचें राहणीमान मोजलें खरें, पण राज्य पाहिलें तें खजिनदाराच्या गादीवरून, शेताच्या बांधावर ते बसले नाहींत.

पालकांस आमची विनंति एवढीच कीं, खेळास शनिवारची मर्यादा घालावी, पण तो हिसकावून घेऊं नये. रात्रीं जेवतांना एक प्रश्न मात्र अवश्य विचारावा: “आज तुझ्या राज्यांत कोणाची मिळकत वाढली?” खजिन्याची वाढली असें उत्तर आल्यास पुन्हां विचारावा.

आमच्या विद्यार्थ्यानें पुढच्या शनिवारीं कर दोन पायऱ्या खालीं आणिला व लांकूड कापण्याची गिरणी बांधावयास घेतली. खजिना अजून तुटींतच आहे, असें तो सोमवारीं मधल्या सुटींत सांगत होता.