टोटल भागिले सहा

‘टोटल भागिले सहा’ हे वाक्य मला आता ऐकवत नाही.

मैत्रिणींबरोबर पबमध्ये बसायला माझी हरकत नाही. सूर्यास्तापूर्वी घरी जेवून जाते, तिथे फक्त पाणी पिते, गप्पांत कुणाला हार जात नाही. पण बिल आलं की बिअरचे पिचर, चिकन विंग्ज आणि माझी पाण्याची बाटली, सगळं एकाच बेरजेत! काही बोललं तर, “अगं, एवढ्याशासाठी काय हिशेब करतेस?” (वर ‘शेवटी जैनच’ हा टोमणा फुकट.)

हिशेब पैशांचा नाहीच. आपल्याकडे कृत, कारित आणि अनुमोदना, तिन्ही मोजतात. मद्य-मांस-मधुत्याग म्हणजे नुसतं आपण तोंडाला न लावणं नव्हे. माझ्या पैशांनी पिचर आला तर ते कारित झालंच की.

आणि वाटणी अवघड कसली? दारू जीएसटीत येत नाही, म्हणून बिलात तिचा हिशेब वेगळाच असतो. अर्धं काम आयतं झालेलं! बाटलीचे पैसे मी देते, टीपमध्येही वाटा उचलते. माझ्यासमोरून विंग्जची प्लेट न सांगता पलीकडे सरकवणाऱ्या मैत्रिणींना बिलावर एक रेघ ओढणं का जड जावं?