आमच्या भिशीची सफारी

गेल्या दिवाळीनंतर माझी पुण्याची मावसबहीण आफ्रिकेच्या दक्षिण भागात फिरून आली. नामिबिया, बोट्सवाना आणि झिम्बाब्वे, असे तीन देश. विमानानं इथून तिथं उड्या न मारता, एकाच गाडीतून, जमिनीवरून. गाडीत माणसं अवघी बारा. एतोशाचं पांढरंशुभ्र मिठागर, चोबे नदीवर पाणी प्यायला उतरलेले हत्तींचे कळप, शेवटी व्हिक्टोरिया धबधबा, असे फोटो तिनं आम्हांला दाखवले. आम्ही सगळ्या तोंडात बोटं घालून पाहत होतो. मी विचारलं, "तुला सगळ्यांत जास्त काय आवडलं गं?" मला वाटलं, सिंह म्हणेल. ती म्हणाली, "पंधरा दिवस कुणी मला चहा टाकायला सांगितलं नाही, आणि बाथरूम कुठे आहे हे विचारायची लाज वाटली नाही."

मैत्रिणींनो, हे वाक्य माझ्या मनात घर करून बसलं. आपण सहलीला जातो म्हणजे काय करतो? आदल्या रात्री दोनशे पुऱ्या लाटतो. पहाटे उठून मागे राहणाऱ्यांचा स्वयंपाक करून ठेवतो. गाडीत मुलांना मांडीवर घेतो. वाटेत सोय नसेल म्हणून दिवसभर घोटभर पाणीसुद्धा पीत नाही, आणि घरी आल्यावर जळजळ होते म्हणून डॉक्टरांकडे जातो. वर घरचे म्हणतात, "झाली ना हौस?"

आमची शिरूरची आठजणींची भिशी आहे. तिथे हा विषय निघाला. आफ्रिका काही आपल्या आवाक्यातली नाही. पण तशी सहल, लहान गट, एक गाडी, सावकाश प्रवास आणि रानातले प्राणी, ही आपल्याकडे करता येणार नाही का? आम्ही नकाशा घेऊन बसलो आणि आमचं आम्हांलाच नवल वाटलं. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य, शिर्सुफळचा गवताळ माळ, भिगवणचे पक्षी, सगळं एका अंगाला. पोरांना मी वर्गात भूगोल शिकवते आणि स्वतः ह्यातलं काही पाहिलेलं नाही! दौंडला माझी कॉलेजातली मैत्रीण राहते. मुक्काम तिच्या गावात ठरला. दहा महिने दर भिशीला तीनशे रुपये बाजूला टाकले. प्रत्येकीचे तीन हजार जमले, आणि दोन दिवसांच्या गाडी, मुक्काम, जेवण, होडी ह्या सगळ्याला ते पुरले. एकदम नवऱ्यापुढे हात पसरायची वेळ आली नाही, हे महत्त्वाचं.

नियम आम्ही चारच केले. एक, घरून स्वयंपाक करून निघायचं नाही आणि मागेही करून ठेवायचा नाही. सोबत फक्त दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि फळं. दोन, गाडीत जितक्या खिडक्या तितक्याच बायका. तीन, दोन तासांपेक्षा जास्त सलग प्रवास नाही, आणि थांबायची ठिकाणं आधी पाहून ठेवायची. माझ्या दौंडच्या मैत्रिणीनं लॉज स्वतः जाऊन पाहिला. दाराची कडी, गरम पाणी, संडासातली बादली, सगळं. पेट्रोल पंप, हॉटेल, ओळखीचं घर, अशी थांब्यांची यादीच करून तिनं ड्रायव्हरकाकांच्या हाती दिली. चार, सगळ्यांनी पोटभर पाणी प्यायचं.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. गाडीत एक खिडकी मोकळी होती. हे म्हणाले, "आईला घेऊन जा की." माझ्या सासूबाई अडुसष्ट वर्षांच्या आहेत. गुडघे दुखतात, दर तासाला उतरावं लागतं. मला मनातून नको होतं. वर्षातून दोन दिवस मोकळं मिळायचं आणि तिथेही 'आई, सावकाश, आई, धरा' करत बसायचं? मी म्हटलं, "त्यांना झेपायचं नाही." सासूबाई तिथेच भाजी निवडत होत्या. काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळानं मला हळूच म्हणाल्या, "भिगवनला जानार हाय ना गं तुमी?" मी हो म्हटलं. "मग मला न्या. मी कुनाला तरास देनार न्हाई." त्यांनी स्वतःहून काही मागितल्याचं माझ्या लग्नाला बारा वर्षं झाली तरी मला आठवत नव्हतं. मी खिडकी त्यांच्या नावानं लिहिली, पण खोटं कशाला सांगू, कपाळावर आठी होतीच.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी पहाटे निघालो. न्हावऱ्यावरून चौफुला, तिथून सुप्याच्या वाटेला. मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम ५ चौरस किलोमीटरचं. १९९७ साली ते चिंकाऱ्यासाठी राखलं गेलं. दाट जंगल डोळ्यांपुढे आणून जाल तर निराश व्हाल. इथे खुरटी झाडं आणि वाळलेलं पिवळं गवत. पण ऊन चढायच्या आत गेलं की तेच गवत एकदम हलतं आणि त्यातून दोन कान वर येतात. चिंकारा अंगानं बकरीएवढा, रंगानं मातीसारखा. शेपटी सारखी हलवत असतो. मादीलाही शिंगं असतात, पण बारीक. पाण्यावाचून तो कितीतरी दिवस काढतो, पाल्यातल्या ओलाव्यावर आणि दवावर भागवतो. म्हणून तर आपल्या दुष्काळी भागात टिकला. मावसबहिणीच्या फोटोंत स्प्रिंगबॉक नावाचं हरिण होतं, ते ह्याच्याच लांबच्या भावकीतलं. एका बाभळीमागे आम्ही पाच मोजले. आठ बायका पंधरा मिनिटं गप्प बसल्या होत्या, हेही नवलच म्हणायचं! नववीला, म्हणजे सासूबाईंना, गप्प बसायला कुणी सांगावं लागत नाही.

संध्याकाळी शिर्सुफळचा माळ. वनखात्यानं पुणे जिल्ह्यात गवताळ माळांची सफारी सुरू केली आहे. एक शिर्सुफळला, दुसरी इंदापूर तालुक्यात कडबनवाडीला. नोंदणी आधी करावी लागते. सोबत गावातलाच माहीतगार मुलगा वाटाड्या म्हणून येतो. आमच्या वाटाड्यानं पहिल्यांदा एकच गोष्ट सांगितली. सरकारदरबारी ह्या माळांना वर्षानुवर्षं 'पडीक' म्हणत आले. पडीक म्हटलं की कुणी तिथे झाडं लावतं, कुणी कारखाना काढतं, कुणी कचरा टाकतं. पण चिंकारा, लांडगा, खोकड ह्यांचं घर हेच. ह्यांना झाडी नको, उघडा माळ हवा. आफ्रिकेतला चित्ताही असाच उघड्या माळावरचा. आपल्याकडचा चित्ता संपल्याचं १९५२ साली जाहीर झालं, आणि २०२२ च्या सप्टेंबरमध्ये नामिबियातून आणून तो मध्य प्रदेशात कुनोला सोडावा लागला. ज्याला आपण पडीक म्हणतो ते राहिलं नाही, की मग विमानानं आणायची पाळी येते.

लांडगा आम्हांला दिसला नाही, मातीत पाऊल तेवढं दिसलं. एक खोकड मात्र झुपकेदार शेपटी सावरत वाट ओलांडून गेलं. गाडीतून उतरल्यावर सगळ्यांच्या साड्यांच्या काठांना कुसळं लागली. आम्ही उपटत बसलो तर तुटून आतच राहायची. सासूबाई म्हणाल्या, "उलट्या बाजूनं वढू नगा, आली तशी फुडं काडा." मग सगळ्यांची कुसळं त्यांनीच काढून दिली. वाटाड्याला त्या गवतांची नावं विचारत होत्या आणि दोन नावं त्यालाच सांगत होत्या. मी पाहत राहिले. घरात ह्या बाईला आम्ही टीव्ही कसा लावायचा ते शिकवतो.

रविवारी अंधार असतानाच दौंडहून निघालो आणि उजाडता उजाडता भिगवणजवळ कुंभारगावला पोहोचलो. भीमा नदीवर उजनीचं धरण १९८० साली पुरं झालं, त्याचं मागचं पाणी इथवर पसरलं आहे. हिवाळा सरता सरता पाणी उतरू लागतं, उथळ जागा उघड्या पडतात आणि तिथे रोहित पक्षी येतात. त्यांनाच अग्निपंखही म्हणतात. होडीतून लांबून पाहिलं तर पाण्यावर कुणी गुलाबी पातळ वाळत घातलंय असं वाटतं. होडीवाल्यानं काठीनं ढकलत, आवाज न करता नेलं. पट्टकादंब हे बदक जातीतले पाहुणे तर हिमालय ओलांडून येतात. डोक्यावर दोन काळे पट्टे, त्यावरून ओळखायचे. चित्रबलाक होते, बगळे होते. आमच्यातल्या एकीनं फोटोसाठी टाळी वाजवून पक्षी उडवायला सांगितलं. होडीवाला म्हणाला, "ताई, ते खायला आल्यात. जेवत्या माणसाला उठवत्यात का?"

तेवढ्यात सासूबाईंनी त्याला विचारलं, "दादा, जुनं गावठान कुनीकडं आलं?" आणि त्यांच्या गावाचं नाव सांगितलं. त्यानं वळून पाहिलं. काठी उचलून दाखवलं, "आजी, त्या बाभळी दिसत्यात ना, त्येच्या अलीकडं. उन्हाळ्यात पानी लई खाली गेलं तर दगडं दिसत्यात. आमची जाळी अडकत्यात तितं."

सासूबाईंचं माहेर 'धरणात गेलं' हे मला ठाऊक होतं. घरात सगळे तसंच म्हणतात, 'अमक्याची नोकरी गेली' म्हणतात तसं. भाऊ दुसरीकडे वसले, आईवडील गेले, विषय मिटला. सोलापूरला लग्नकार्याला जाताना हमरस्त्यावरून हे पाणी आम्ही दरवेळी पाहतो. मुलं ओरडतात, "पाणी, पाणी!" त्या वेळी ह्या बाईच्या मनात काय होत असेल, असं बारा वर्षांत मला एकदाही वाटलं नाही. त्यांना आम्ही कधी विचारलं नाही, आणि गाडी कधी थांबवली नाही.

त्या रडल्या नाहीत. पाण्याकडे बोट करून सांगत गेल्या. इथे वेस, इथे चिंचेचं झाड, इकडे नदीचा घाट, धुणं घेऊन यायचो ती वाट. पहिल्या बाळंतपणाला माहेरी जायचं ठरलं तेव्हा जायला गावच उरलं नव्हतं. मग पाण्यात हात बुडवून थोडं पाणी डोळ्यांना लावलं. होडीत कुणी बोललं नाही.

जेवण होडीवाल्याच्या घरीच सांगितलं होतं. खाणाऱ्यांना चिलापीचं कालवण, बाकीच्यांना पिठलं-भाकरी आणि ठेचा. त्यानं घरात काय सांगितलं कोण जाणे. आम्ही पैसे देऊन निघालो तेव्हा त्याची बायको सुपात गहू, नारळ आणि खण घेऊन बाहेर आली. सासूबाईंना म्हणाली, "आत्या, बसा पाटावर. ह्या मातीची लेक ना तुमी? रिकाम्या वटीनं कशा जाल?" तिनं हळदीकुंकू लावून ओटी भरली. तेव्हा मात्र सासूबाईंचा पदर डोळ्यांना लागला, आणि आमचे सगळ्यांचेच.

परतीच्या वाटेवर 'सावकाश, आई, धरा' मी दहादा म्हटलं असेन. जड गेलं नाही.

आता तुमच्यापैकी कुणाला निघायचं असेल तर थोडं कामाचं. डिसेंबर ते मार्च हे दिवस उत्तम. मातकट, हिरवट रंगाचे कपडे घाला, भडक नको. अत्तर, गजरा घरी ठेवा. साडीपेक्षा सलवार सोयीची, नाहीतर कुसळं ठरलेलीच. पायांत बंद बूट हवेत. दुर्बीण तिघींत एक असली तरी पुरते. पहाटे आणि संध्याकाळी फिरा, दुपारी झोपा. होडीत बसताना अंगरक्षक जाकीट मागून घ्या, पोहता येत असलं तरी. शुल्क आणि वेळा बदलतात, त्या वनखात्याच्या कार्यालयात आधी विचारा. प्राण्यांना खाऊ घालू नका, प्लास्टिक परत आणा. आणि निघायच्या आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एकदा विचारा, तुम्हांला कुठे जायचंय?

ओटीतले गहू सासूबाईंनी दळणात घालू दिले नाहीत. वेगळ्या डब्यात ठेवलेत. पाडव्याला त्याच्या पुरणपोळ्या झाल्या, तरी मूठभर राखून ठेवलेत. भिशीत पुढच्या हिवाळ्याचे तीनशे रुपये टाकायला सुरुवात झाली आहे. रेहेकुरीचे काळवीट आणि निघोजचे कुकडीतले रांजणखळगे, असा बेत आहे. ह्या वेळी आम्ही नऊजणी आहोत. सासूबाई आपले पैसे आपणच देतात, आणि तेही सगळ्यांच्या आधी.