गावापुरते दूरध्वनिजाळे

मोबाईलचे जाळे म्हणजे कोट्यवधींचे भांडवल, ही समजूत मेक्सिकोच्या वाहाका राज्यातील तालेआ दे कास्त्रो या डोंगरी गावाने २०१३ साली खोटी ठरविली. गाव लहान म्हणून मोठ्या कंपन्या येईनात. तेव्हा ग्रामस्थांनी रिझोमॅटिका संस्थेच्या साहाय्याने स्वतःचे केंद्र उभारले. महागड्या यंत्रसामग्रीचे बरेचसे काम साध्या संगणकावरील मुक्त आज्ञावलीने भागविले. परगावची संभाषणे इंटरनेटमार्गे धाडली. पाच पोत्यांसाठी कोणी शंभर खणांचे कोठार बांधीत नाही; माल वाढेल तसा खण वाढवावा. २०१६ साली तेथील शासनाने मूलनिवासी समाजांच्या संस्थेस रेडिओलहरींचा परवाना दिला. आपल्याकडेही दुर्गम गावांच्या सहकारी संस्थांसाठी लहरींचा काही भाग राखून ठेवावा, असे आमचे आग्रहाचे मत आहे.