आईचे नाव आणि मुलीचा कागद



मुंबईच्या फोर्ट भागातला राजाबाई टॉवर आपल्यापैकी अनेकींनी पाहिला असेल. प्रेमचंद रायचंद या धनाढ्य व्यापाऱ्याने मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी आणि या मनोऱ्यासाठी देणगी दिली. मनोऱ्याला त्यांच्या आईचे नाव मिळाले. १८७८ साली तो बांधून पूर्ण झाला. पण त्या वर्षी या विद्यापीठाची पदवी एकाही बाईला मिळू शकत नव्हती. ते दार उघडले १८८३ साली. आईचे नाव मनोऱ्याला आणि मुली मात्र दाराबाहेर! आपल्या घरांतूनही ही रीत अनोळखी नाही.

१८ जुलै १८५७ रोजी स्थापन झालेले हे विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर बेतलेले होते. शिकवायचे महाविद्यालयांनी, विद्यापीठाने परीक्षा घ्यायच्या आणि पदव्या द्यायच्या. पुढे विद्यापीठाचे स्वतःचे विभाग निघाले, कालिन्याला मोठा परिसर उभा राहिला. तरी मूळ स्वभाव फारसा बदललेला नाही. आज त्याची महाविद्यालये मुंबईपासून सिंधुदुर्गापर्यंत पसरली आहेत. कणकवली किंवा मुरबाडच्या मुलीने राजाबाई टॉवर पाहिलेलाही नसतो. तिच्यासाठी विद्यापीठ म्हणजे कॉलेजच्या ऑफिसची खिडकी, परीक्षेचा फॉर्म, गुणपत्रिका आणि शेवटी पदवीचा कागद. म्हणूनच त्या कागदावर कोणाचे नाव असते आणि तो कोणाच्या ताब्यात राहतो, हा आपल्या चळवळीचा प्रश्न आहे.

पदवी मिळाली म्हणजे सगळे मिळाले असे नाही, हे या विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधराच्या वाट्यालाच आले. कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाल्या. पण इंग्लंडमधील शिक्षणाची सरकारी शिष्यवृत्ती त्यांना नाकारली गेली, कारण त्या बाई होत्या.

पुढे शंभराहून अधिक वर्षांनी एक मोलाची गोष्ट घडली. बालशल्यचिकित्सक डॉ. स्नेहलता देशमुख १९९५ ते २००० या काळात कुलगुरू होत्या. त्यांच्या कारकिर्दीत पदवी प्रमाणपत्रावर आईचे नाव आले. राज्य सरकारला शासकीय कागदपत्रांवर आईचे नाव बंधनकारक करायला २०२४ साल उजाडले, तेही १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांसाठी. विद्यापीठ समाजाच्या पुढे चालू शकते, याचे हे उदाहरण.

मात्र आमच्या सल्ला केंद्रात दिसते ते वेगळेच. गेल्या वर्षी एक मैत्रीण आली. बी. कॉम. झालेली, अंगावर मारहाणीचे वळ, कडेवर दोन वर्षांची मुलगी. रात्री नेसत्या साडीनिशी घर सोडलेले. एका पतसंस्थेत नोकरी मिळत होती, पण पदवीचे प्रमाणपत्र सासरच्या कपाटात. नवरा म्हणाला, “आधी नांदायला ये, मग सर्टिफिकेट देतो.” ती आपल्या विद्यापीठात गेली. (कोणते, ते महत्त्वाचे नाही.) तिथे सांगण्यात आले, हरवल्याची पोलिसांत नोंद करा, प्रतिज्ञापत्र आणा, मग दुय्यम प्रत मिळेल. “पण हरवलेले नाही हो, अडवून ठेवलंय,” ती म्हणाली. अडवलेल्या प्रमाणपत्रासाठी फॉर्मवर रकानाच नव्हता. शिवाय पदवीवर माहेरचे नाव, आधार कार्डावर सासरचे. दोन्ही नावे एकाच बाईची, हे सिद्ध करणारा विवाहाचा दाखलाही त्याच कपाटात!

अलीकडच्या पदव्या डिजिलॉकरमध्ये ठेवण्याची सोय झाली आहे, ती चांगलीच आहे. पण जिचा मोबाइलही नवऱ्याच्या हातात असतो, तिचे काय?

कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा २००५ सालचा आहे. स्त्रीधन आणि बाईच्या हक्काची इतर मालमत्ता परत करण्याचा आदेश न्यायदंडाधिकारी त्याच्या कलम १९ खाली देऊ शकतात. अर्ज करताना दागिन्यांच्या यादीत पदवीचे प्रमाणपत्र आणि गुणपत्रिका आवर्जून लिहा. पण तारखांवर तारखा पडत असताना नोकरी थांबत नाही. म्हणून विद्यापीठांकडे आमची मागणी आहे: संरक्षण अधिकाऱ्याचे पत्र असल्यास हरवल्याची खोटी तक्रार करायला न लावता, विनाशुल्क आणि ठरावीक मुदतीत दुय्यम प्रत द्यावी. फॉर्मवर एक रकाना वाढवायचा आहे, मनोरा बांधायचा नाही.

तोवर आपण एवढे करू या. लग्न ठरलेल्या प्रत्येक मुलीच्या कागदपत्रांच्या साक्षांकित प्रती माहेरी किंवा विश्वासू मैत्रिणीकडे ठेवू या. रुखवताची यादी आपण किती काळजीने करतो. तेवढीच काळजी याही यादीची घेऊ या.

आईचे नाव कागदावर आले, याचा आनंद आहेच. आता तो कागद मुलीच्या हातात राहिला पाहिजे.