बहिष्कार न करण्याची हमी

२०१७च्या ऑगस्टमध्ये हार्वी वादळाने टेक्सासचा किनारा झोडपून काढला. ह्यूस्टनजवळच्या डिकिन्सन या लहानशा शहरात घरंच्या घरं पाण्यात गेली. पूरग्रस्तांना मदत वाटण्यासाठी नगरपालिकेने अर्ज काढला आणि त्या अर्जात एक कलम घातलं: अर्जदार इस्राएलवर बहिष्कार टाकत नाही आणि कराराच्या मुदतीत टाकणारही नाही. घरात चिखल साचलेला, आणि भिंती दुरुस्त करायला चार पैसे हवे असतील तर आधी हजारो मैलांवरच्या एका देशाबद्दल हमी लिहून द्यायची! बोभाटा झाल्यावर ही अट व्यक्तींपुरती मागे घेण्यात आली. ज्या कायद्यातून ती आली, तो कायदा मात्र जागेवरच राहिला.

पॅलेस्टिनी संघटनांनी २००५ साली इस्राएलविरुद्ध बहिष्कार, गुंतवणूक काढून घेणं आणि निर्बंध यांची हाक दिली. तिला उत्तर म्हणून अमेरिकेतल्या तीसहून अधिक राज्यांनी कायदे किंवा आदेश काढले. त्यांपैकी बऱ्याच ठिकाणी सरकारी कंत्राट हवं असणाऱ्याला ‘मी बहिष्कार टाकत नाही’ असं लिहून द्यावं लागतं. हा बहिष्कार योग्य की अयोग्य, हा वेगळा वाद आहे. इस्राएली विद्यापीठांशी नातं तोडण्याला माझा स्वतःचा विरोध आहे. पण कुणाच्या मालाला हात लावायचा नाही हे ठरवण्याचा नागरिकाचा हक्क सरकारने पोटापाण्याच्या बदल्यात गहाण ठेवून घ्यावा, हे मला कदापि मान्य नाही.

या कायद्यांच्या बाजूने पहिला युक्तिवाद असा, की वस्तू विकत न घेणं हा निव्वळ आर्थिक व्यवहार आहे, ते मतप्रदर्शन नव्हे. ‘अर्कान्सा टाइम्स’च्या खटल्यात आठव्या सर्किटच्या संघीय अपील न्यायालयाच्या पूर्ण पीठाने जून २०२२मध्ये हाच युक्तिवाद उचलून धरला. या वृत्तपत्राने इस्राएलवर कधी बहिष्कार टाकलेलाच नव्हता. एका सरकारी महाविद्यालयाच्या जाहिराती ते वर्षानुवर्षं छापत होतं. अर्कान्साच्या २०१७च्या कायद्याने दोन वाटा ठेवल्या: सही करा, नाहीतर दर वीस टक्क्यांनी कमी करा. प्रकाशक अ‍ॅलन लेव्हरिट यांनी दोन्ही नाकारल्या. राजकीय भूमिका लिहून देऊन जाहिराती मिळवणारं वृत्तपत्र वाचकांना काय तोंड दाखवणार, हा त्यांचा सवाल मला बिनतोड वाटतो.

न्यायालयाचं म्हणणं असं, की भाषणं करा, फलक धरा, त्याला संरक्षण आहे. न खरेदी करण्याला नाही. मग बहिष्कारात उरलं काय? लोकांना जे करा म्हणून सांगायचं, तेच स्वतः करायची बंदी! मिसिसिपीतल्या पोर्ट गिब्सनच्या कृष्णवर्णीय नागरिकांनी १९६६ साली गोऱ्या व्यापाऱ्यांच्या दुकानांची पायरी चढणं बंद केलं. समान वागणूक, नोकऱ्यांत वाटा अशा त्यांच्या मागण्या होत्या. व्यापाऱ्यांनी नुकसानभरपाईचा दावा लावला आणि राज्याच्या न्यायालयांत जिंकलाही. १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि अहिंसक राजकीय बहिष्काराला राज्यघटनेचं संरक्षण आहे असं सांगितलं. तिथल्या लोकांकडे पैसा नव्हता, वर्तमानपत्र नव्हतं, सत्तेत वाटा नव्हता. खिशातला डॉलर कुठे खर्चायचा नाही, एवढंच त्यांच्या हाती होतं, आणि गावाला ऐकू गेलं ते तेच.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो झटकून टाकणं मला अप्रामाणिकपणाचं वाटतं. हा बहिष्कार म्हणजे ज्यूद्वेष, असं म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे १ एप्रिल १९३३चा जर्मनीतला दिवस असतो: ज्यूंच्या दुकानांच्या दारात उभे असलेले नाझी स्वयंसेवक. ती भीती खरी आहे, आणि या चळवळीच्या आडून ज्यूद्वेष बोलणारे आजही सापडतात. पण तो बहिष्कार सत्ताधाऱ्यांनी आपल्याच नागरिकांवर, त्यांच्या जन्मावरून लादलेला होता. माणसाला त्याच्या जन्मामुळे वाळीत टाकणं आणि एखाद्या राज्यसत्तेच्या धोरणामुळे तिच्या मालाकडे पाठ फिरवणं, यांतला फरक महाराष्ट्राला तरी समजावून सांगायला नको. जातपंचायतींनी कुटुंबंच्या कुटुंबं वाळीत टाकलेली आपण पाहिली, म्हणून सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६चा कायदा आपण केला, आणि तो हवाच होता. त्याच महाराष्ट्रात १९३० साली परदेशी कापडाचा ट्रक अडवताना बाबू गेनू या गिरणी कामगाराने मुंबईच्या रस्त्यावर प्राण दिले. आणि १९३२च्या जानेवारीत बहिष्काराविरुद्ध वटहुकूम काढणारं सरकार इंग्रजांचं होतं. ज्यू दुकानदाराला तो ज्यू आहे म्हणून नाडणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे. भेदभावाविरुद्धचे कायदे त्यासाठी आहेत आणि ते कडक राबवावेत. पण टेक्सासमधल्या एका वाचा-उपचारतज्ज्ञ बाईचं उदाहरण घ्या: ती कुणाला नाडत होती? अरबी बोलणाऱ्या लहान मुलांसोबत ती शाळांमधून नऊ वर्षं काम करत होती. घरात इस्राएलशी संबंध असलेल्या एका कंपनीचं हम्मस (काबुली चण्याची चटणी) आणायचं नाही, एवढा तिचा बहिष्कार. नव्या करारातल्या हमीवर तिने सही केली नाही आणि काम गेलं.

‘सरकारी पैसा हवा तर सरकारची अट पाळा’ हे तिसरं म्हणणं वरवर रोखठोक वाटतं. सरकारने कामाचा दर्जा, मुदत, हिशेब यांवर हव्या तितक्या अटी घालाव्यात. पण कॅन्ससमध्ये कचरा उचलणाऱ्या एका कंत्राटदाराने काउंटीच्या कारभाऱ्यांवर जाहीर टीका केली, त्यांनी त्याचं कंत्राट बंद केलं, तेव्हा १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, की कंत्राटदाराचंही मतस्वातंत्र्य सूड म्हणून हिरावून घेता येत नाही. हम्मस न खाल्ल्याने मुलाचा उच्चार बिघडत नाही.

हे कायदे देशाच्या परराष्ट्र धोरणाला धरून आहेत, हा मुद्दा तर राज्यांच्याच अंगावर उलटतो. ब्रह्मदेशाशी व्यापार करणाऱ्या कंपन्यांना दूर ठेवणारा मॅसॅच्युसेट्सचा कायदा २००० साली सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला, कारण त्या बाबतीत केंद्राने आपलं धोरण आखलेलं होतं. १९७७च्या ज्या केंद्रीय कायद्याचा हवाला दिला जातो, तो परकीय सरकारांनी अमेरिकी कंपन्यांवर लादलेल्या बहिष्काराविरुद्ध होता. स्वतःच्या विवेकाने काही नाकारणाऱ्या नागरिकाला त्यात ओढायचं कारण नाही. फ्रान्समध्ये सुपरमार्केटच्या गिऱ्हाइकांना इस्राएली माल घेऊ नका म्हणणाऱ्या कार्यकर्त्यांना शिक्षा झाली, तेव्हा युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २०२०मध्ये त्यांचं अभिव्यक्तिस्वातंत्र्य भंगल्याचा निकाल दिला.

या हत्याराची धार एकाच दिशेला राहत नाही, हेही दिसू लागलं आहे. टेक्सासने २०२१ साली तोच साचा वापरून खनिज तेल उद्योगाशी व्यवहार टाळणाऱ्या आणि बंदूक उद्योगाशी भेदभाव करणाऱ्या कंपन्यांविरुद्ध कायदे केले. उद्या सत्ता पालटली की दुसरा पक्ष याच साच्यातून आपली यादी काढील. इस्राएलचे समर्थक ज्या देशावर बहिष्कार टाकू पाहतात, तोही त्या यादीत असेल.

कॅन्सस, अ‍ॅरिझोना, टेक्सास इथल्या संघीय न्यायाधीशांनी २०१८-१९मध्ये या कायद्यांना मनाई केली, तेव्हा राज्यांनी पळवाट काढली. टेक्सासने एकट्याने धंदा करणाऱ्यांना, दहापेक्षा कमी नोकर असलेल्या कंपन्यांना आणि एक लाख डॉलरखालच्या करारांना कायद्यातून वगळलं. जे कोर्टात गेले होते तेच नेमके सुटले, आणि खटल्यातला प्राण गेला. नऊ नोकरांच्या मालकाला मत बाळगता येतं आणि दहा नोकरांच्या मालकाला मोठ्या कंत्राटासाठी ते सोडून द्यावं लागतं, हे कोणत्या तत्त्वात बसतं, ते या कायद्याच्या समर्थकांनी सांगावं. ‘अर्कान्सा टाइम्स’चं अपील सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३मध्ये ऐकायलाच नकार दिला. तेव्हा आता ही हमीची कलमं काढून टाकणं त्या त्या विधिमंडळाचं काम आहे, आणि मतदारांनी आपल्या आमदाराला त्याचा जाब विचारला पाहिजे.