वैद्याने दगड वेचावेत : ग्राह्य-अग्राह्य परीक्षेविषयी एक निवेदन

रसग्रंथांत खनिज द्रव्याचे विवेचन शोधन-मारणापासून सुरू होत नाही. आधी नाम व पर्याय, मग भेद, मग ग्राह्य आणि अग्राह्य लक्षणे, आणि त्यानंतर संस्कार, असा हा क्रम आहे. बी.ए.एम.एस.च्या दुसऱ्या वर्षी आपण सर्वांनी तो पाठ केला. पाठच केला, असे म्हणणे भाग आहे. कारण ज्या काचेच्या बरण्यांतून ती द्रव्ये आपल्यापुढे आली त्यांची झाकणे क्वचितच उघडली गेली. तोंडी परीक्षेत आपण चिठ्ठी ओळखली, बरणी ओळखली, फार तर रंग ओळखला. दगड हातात घेऊन तो नखाने ओरखडून पाहिल्याचे किती जणांना आठवते?

प्रस्तुत लेखात सुज्ञ वैद्यवर्गापुढे एक साधी सूचना मांडावयाची आहे. आपल्यापैकी प्रत्येकाने निदान एक वर्ष दगड वेचण्याचा आणि ओळखण्याचा छंद लावून घ्यावा. हा छंद पोरकट वाटेल, पण त्याचा संबंध थेट आपल्या औषधाशी आहे.

सुरुवात आपापल्या गावापासून करावी. कुंभारीचा परिसर म्हणजे दख्खनच्या लाव्हारसाचा प्रदेश. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी थरांवर थर पसरत गेलेल्या या लाव्ह्याने आजही सुमारे ५ लक्ष चौरस किलोमीटर भूभाग व्यापलेला आहे. वरची काळी माती आणि मुरूम संपला की विहिरीत हाच खडक लागतो. २००६ साली येथे विडी कामगार भगिनींच्या १० हजार घरांची वसाहत उभी राहिली, पुढे रे नगरची घरकुले आली. पाया, रस्ते, गटारे यांसाठी किती दगड वर आला असेल याची कल्पना करावी. त्या दगडात सच्छिद्र जातीचा एक खडक असतो, विहीर खोदणारे त्याला मांजऱ्या म्हणतात. लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे अडकून त्यात पोकळ्या राहिल्या आणि पुढे झिरपणाऱ्या पाण्याने त्या पोकळ्यांत निरनिराळी खनिजे जमविली. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतील निळाशार कॅव्हन्साइट याच प्रकारे पोकळीत तयार झालेला. जगभरचे संग्राहक त्यासाठी धडपडतात. सिन्नर येथे २००१ साली सुरू झालेले ‘गारगोटी’ संग्रहालय ज्यांनी पाहिले असेल त्यांना या खजिन्याची कल्पना असेलच.

आपल्याला मात्र निळा नको, पांढरा दगड हवा. कारण घोटाळा पांढऱ्यातच आहे.

मांजऱ्या खडकाच्या पोकळीत पांढऱ्या किंवा फिकट रंगाची चार खनिजे नेहमी भेटतात. पहिली गार, तिने काचेवर ओरखडा उठतो, चाकूने तिच्यावर उठत नाही. दुसरे कॅल्साइट, ते चाकूने सहज ओरखडले जाते आणि सौम्य आम्लाचा थेंब पडताच फसफसते. तिसरे स्टिल्बाइट, मोत्यासारखी झाक असलेले, पुष्कळदा किंचित गुलाबी-नारिंगी. चौथे स्कोलेसाइट, पांढऱ्याशुभ्र सुयांचे झुपके, मुळाशी एकत्र आणि टोकाशी पसरलेले. शेवटची दोन्ही झिओलाइट गटातील. नख लावले तर या चारांपैकी एकावरही ओरखडा उठत नाही.

काही वर्षांपूर्वी शेजारच्या वस्तीवरील एक शेतकरी विहिरीतून निघालेला असाच सुयांचा झुपका फडक्यात बांधून घेऊन आला. “डॉक्टरसाहेब, ही गोदंती हाय म्हनत्यात. भाजून पोरीला ताप आला की देऊ का?” दगड देखणा होता. गायीच्या दातांची उपमा गोदंतीपेक्षा त्यालाच अधिक शोभली असती. मी त्याला स्वतःच्याच नखाने ओरखडून पाहावयास सांगितले. नख झिजले, दगडावर काही उमटले नाही. गोदंती म्हणजे जिप्सम. तिचे काठिन्य मोजपट्टीवर २, आणि आपले नख अडीच. खऱ्या गोदंतीवर नखाची रेघ उमटलीच पाहिजे. चोपण जमीन सुधारण्यासाठी पोत्याने आणतो ते जिप्समच ही गोदंती, हे सांगितल्यावर तो जरा खट्टू झाला, पण समजला. ते जिप्सम मुख्यतः राजस्थानातून येते; खाऱ्या पाण्याचे बाष्पीभवन होऊन तयार होणारे हे खनिज लाव्ह्याच्या पोकळीत सहसा मिळावयाचे नाही. दगड कोठे सापडला हेही एक लक्षणच आहे, ते आपण विचारीत नाही. (आणि जमिनीसाठीचे पोते औषधाला वापरावयाचे नाही, हेही त्याला सांगावे लागलेच.)

येथे कोणी म्हणेल की अग्निपरीक्षा का करू नये? कारण या बाबतीत अग्नी फसवितो. गोदंती तापविली की तिच्यातील जलांश जातो, ती निस्तेज होऊन चुरगळते. झिओलाइट तापविले तरी पाणीच सुटते. १७५६ मध्ये स्वीडनच्या क्रॉन्स्टेटने तापवताना उकळल्यासारखा दिसणारा दगड पाहिला आणि ग्रीक भाषेतून ‘उकळणारा दगड’ या अर्थाचे हे नाव दिले. स्कोलेसाइटचे नाव तर ज्वालेत अळीसारखे वेटोळे होते म्हणून पडले आहे. हे वाचताना आपल्याला अभ्रकाचे चार भेद आठवल्यावाचून राहत नाहीत : अग्नीत टाकल्यावर ज्याची दले सुटतात ते पिनाक, फूत्कार करते ते नाग, उडी मारते ते मंडूक आणि जे निर्विकार राहते ते वज्र. द्रव्याला अग्नीतील वर्तनावरून नाव देण्याची रीत आपल्याकडे कित्येक शतके आधीची. परंतु कोणत्या द्रव्याला कोणती परीक्षा हेही त्याच ग्रंथांनी सांगितले आहे, आणि एकीची परीक्षा दुसऱ्याला लावून चालत नाही.

दुसरे उदाहरण माक्षिक आणि विमल यांचे. सुवर्णमाक्षिक कोनरहित, जड, आणि हातावर घासल्यास काळिमा सोडणारे. विमल मात्र कोन आणि फलक असलेले. खनिजशास्त्राच्या कोणत्याही प्राथमिक पुस्तकात चाल्कोपायराइटचा कस, म्हणजे खरखरीत पांढऱ्या चिनी मातीवर घासून उमटणारी रेघ, हिरवट काळी दिलेली असते. आणि पायराइट नीटस चौकोनी ठोकळ्यांत आढळते हेही दिलेले असते. तुटलेल्या बशीची न चकाकणारी कड घेऊन हे घरी करून पाहावे. एरवी रुक्ष वाटणारे ग्राह्य लक्षण त्या रेघेत डोळ्यांपुढे उभे राहते. केंद्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या आयुर्वेदिक फार्माकोपियाच्या खनिज-धातूविषयक सातव्या खंडातही (२००८) रंग, कस, चमक, काठिन्य, विशिष्ट गुरुत्व हीच लक्षणे दिली आहेत. परंपरा आणि आधुनिक परीक्षा यांचा येथे मुळी वादच नाही. वाद असलाच तर तो आपल्या आळसाशी आहे.

नावांचा घोळ वेगळाच. स्फटिक म्हणजे गारेचा पारदर्शक प्रकार, स्फटिका म्हणजे तुरटी. एका काना-मात्रेचा फरक, पण एक पाण्यात विरघळते, दुसरा विरघळत नाही. दुकानदार दोन्हीला ‘फटकी’ म्हणू लागला तर पेलाभर पाणी तंटा मिटविते.

एका पुरवठादाराकडून मागविलेल्या ‘गोदंती’च्या पुडक्यातील काही खडे लिंबाच्या रसात टाकताच फसफसले, हा अनुभव मी स्वतः घेतला आहे. जिप्सम असे फसफसत नाही. ते कॅल्साइट किंवा संगमरवराचे तुकडे असावेत. पुडके परत पाठविले. मुद्दा असा की ते खडे पुटात घालून भस्म केले असते तर नंतर काय कळणार होते? पांढरे भस्म पांढऱ्या भस्मासारखेच दिसते. ज्या टप्प्यावर वैद्याचा डोळा आणि नख उपयोगी पडते तो टप्पा दगडाचाच आहे. पुढे प्रयोगशाळेवाचून गत्यंतर नाही. आपल्यापैकी पुष्कळ जण अन्य भस्मे तयार विकत घेतात, पण गोदंती घरच्या घरी करणारे वैद्य अजून आहेत. त्यांच्यासाठी तरी ही परीक्षा ऐच्छिक नसावी.

हस्तपरीक्षेने शिसे किंवा आर्सेनिकचा अंश सापडत नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. २००४ मध्ये अमेरिकेतील बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा आर्सेनिक आढळल्याचा अहवाल प्रसिद्ध झाला, तेव्हा आपण सारे बचावाच्या भाषेत बोललो. नख आणि लिंबू हे त्या प्रश्नाचे उत्तर नव्हे. मात्र जो वैद्य कच्चे द्रव्य पारखू शकत नाही, त्याच्या हातातील प्रयोगशाळेचा दाखलाही कोणत्या द्रव्याचा आहे हे त्याला सांगता येत नाही.

छंद लागेल त्यांनी काही पथ्ये पाळावीत. तंतुमय दगड, मग तो कितीही सुंदर असो, कुटू नये आणि त्याची धूळ श्वासात जाऊ देऊ नये. तुर्कस्तानातील कॅपाडोसिया भागातील काही खेड्यांत एरियोनाइट नावाच्या तंतुमय झिओलाइटमुळे फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग मोठ्या प्रमाणावर आढळला, आणि १९८७ पासून ते खनिज निश्चित कर्करोगकारकांत गणले जाते. सुयांचा झुपका कोणत्या खनिजाचा हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. म्हणून तो डबीत ठेवावा, खलात घालू नये. हरताळ, मनःशिला, हिंगुळ यांची अग्निपरीक्षा घरी कदापि करू नये. दगड चाटून पाहण्याची सवय काही जुन्या पुस्तकांत सापडते, ती सोडून द्यावी. खाणीत मालकाच्या परवानगीवाचून जाऊ नये. किल्ले, लेणी आणि लोणार सरोवराचा परिसर येथून खडाही उचलू नये.

साहित्य फार लागत नाही. भिंग, तांब्याच्या तारेचा तुकडा, जुना चाकू, काचेचा तुकडा, बशीची कड, लिंबू, आणि दोऱ्याने दगड पाण्यात लोंबकळत ठेवून वजन करता येईल असा तराजू. कोरडे वजन भागिले पाण्यात घटलेले वजन, की विशिष्ट गुरुत्व मिळाले : गार २.६५, कॅल्साइट २.७, गोदंती २.३, माक्षिक ४.२ च्या आसपास, विमल ५. स्टिल्बाइट २.२ म्हणजे गोदंतीच्या अगदी शेजारी, तेथे तराजू थांबतो आणि पुन्हा नखच कामास येते. अडल्यास सोलापूर विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाचे दार ठोठवावे.

संघटनेच्या कार्यकारिणीस विनंती अशी की पुढील जिल्हा मेळाव्यात व्याख्यानांच्या जोडीने एक मेज दगडांसाठी ठेवावे. सभासदांनी आपल्याकडील गोदंती, गैरिक, शंखजिरे, तुरटी यांचे खडे आणावेत. प्रत्येकास क्रमांक, कोठून घेतले ते ठिकाण आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी जोडावी, पण द्रव्याचे नाव मात्र त्या चिठ्ठीवर लिहू नये.